खानावळीची बाकी

यंदाच्या एप्रिल महिन्यात दहावीच्या परीक्षेतून सुटलेली आमची नात मला म्हणाली, "आजोबा, शनिवार-रविवार मुंबईला जाऊ. पण फिरायला नाही, खायला!" सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शाळामास्तराने नातीला मुंबईस नेऊन खाऊ घालावयाचे, म्हणजे निवृत्तिवेतनाला भोक पाडून घेणेच. तेव्हा मी अट घातली. माणशी रोजचे तीनशे रुपये. चहा, नाश्ता, जेवण, सगळे त्यातच. आधी पोटोबा मग विठोबा हे खरे. पण विठोबाच्या दर्शनाला पैसे पडत नाहीत, पोटोबाच्या दर्शनाला पडतात! तिने अट मान्य केली आणि हिशेबासाठी चाळीस पानी वही काढून पहिल्या पानावर दोघांची नावे घातली.

तिला ठाऊक नव्हते ते एवढेच, की माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आणखी एक पाकीट होते, आणि त्यातले पैसे तिच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्याविषयी पुढे सांगतो.

शुक्रवारी रात्री कऱ्हाडास महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. सौभाग्यवतींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती सोडताना नातीने विचारले, "आजोबा, पूर्वी लोक प्रवासात कुठे जेवत?" पस्तीस वर्षे इतिहास शिकविलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी टाकणे होय. पण प्रश्न मार्मिक होता. पूर्वी लोक प्रवासात शिदोरी सोडून जेवत, नाहीतर आपल्या जातीच्या घरी उतरत, नाहीतर उपाशी राहत. परगावी पैसे टाकून अनोळखी माणसाच्या हातचे खाणे हा मुळी पैशाचा प्रश्न नव्हताच. तो धर्माचा प्रश्न होता.

याची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातली मोठमोठी मंडळी जमली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढे ठेवून घेतली. पुढे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली, आणि सगळ्या पुण्यात आग लागली. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. ज्यांच्या नावाने पुढे रस्ते आणि विद्यालये उभी राहिली, त्या माणसांना एका पेल्याने एवढे छळले.

आणि मौज अशी की त्याच १८९० साली मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोचविण्याचा धंदा सुरू केला, असे सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू होत. मनुष्य शहरात तर जाऊ लागला, पण शहराचे अन्न त्याच्या घशाखाली उतरेना. मग घरच त्याच्या मागोमाग डब्यात बसून आले.

नात म्हणाली, "म्हणजे डबा हा घराचा पहारेकरी!" मला हे वाक्य इतकी वर्षे सुचले नव्हते.

सकाळी बोरीबंदरला उतरलो. स्टेशनाला आता दुसरे नाव आहे, पण माझी जीभ जुनी आहे. तिथून पायी धोबीतलावाला गेलो आणि कयानीत शिरलो. हे दुकान १९०४ सालचे. बन-मस्का आणि चहा, दोघांचे मिळून बजेटात सहज बसले. आमच्या टेबलाशी एक गृहस्थ न विचारता येऊन बसले, त्यांनी आपला ब्रून चहात बुडवून खाल्ला आणि ते निघून गेले. नातीला हे चमत्कारिक वाटले. मी म्हणालो, "बाळ, हेच तर बघायला तुला इथे आणले."

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतले जरथुष्ट्री लोक दारिद्र्याला आणि जाचाला कंटाळून मुंबईला येऊ लागले. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा आपल्या हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना मिळत गेली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कोपऱ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक लागते हे मात्र खरे. चहा, पाव, लोणी, आम्लेट, संगमरवरी टेबल आणि लाकडी वाकड्या पायांच्या खुर्च्या. यांत न दिसणारी एक वस्तू होती, ती म्हणजे निरुत्सुकता. गल्ल्यावरचा इराणी तुम्हांला तुमची जात विचारीत नसे. त्याला ती ठाऊकही नव्हती आणि जाणून घेण्याची हौसही नव्हती. एक चहा मागवून तास-तासभर बसणाऱ्याला तो फार तर डोळे वटारून बघे.

आणि त्या बशीतला पाव तरी कुठला? तो पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला. गावच्या विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला, असे कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून माझ्या पिढीनेही ऐकले आहे. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, मुंबईत आले. गोव्याचे खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री आले. याच धोबीतलावाच्या आसपास त्यांचे कूड होते. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी भाड्याने घेतलेली ती बिऱ्हाडे. आत भिंतीशी ट्रंका, मध्ये वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. बोटीवरून उतरलेल्या माणसाने दुसरी बोट मिळेपर्यंत तिथे अल्प पैशांत पाठ टेकावी. मुंबईत स्वस्ताई अशी आली. तिला कोणी शोधून काढले नाही. घर सोडून आलेल्यांनी ती एकमेकांसाठी उभी केली.

आमच्या घरातलाही एक माणूस असाच घर सोडून आला होता. आता त्या दुसऱ्या पाकिटाची गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १९४८ साली अठराव्या वर्षी मुंबईला गेले आणि लालबागच्या एका गिरणीत चिकटले. आई आणि आम्ही भावंडे गावीच. मुंबईतला पहिला कापडगिरणीचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली आरंभला आणि १८५६ पासून ताडदेवला चात्या फिरू लागल्या. तेव्हापासून सव्वाशे वर्षे कोकण आणि घाटावरची गावे आपली तरुण माणसे या चात्यांना घालीत आली. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत. पाळीप्रमाणे झोपत. त्यांनी जेवायचे कुठे? इराण्याचा पाव भाकरीच्या पोटाला किती पुरणार?

तेव्हा चाळीचाळींतून खानावळी निघाल्या. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई, तिचा स्टोव्ह किंवा शेगडी, आणि पंधरा-वीस ताटे. कुणी विधवा, कुणाचा नवरा गिरणीतच पण पगार पुरत नाही अशी. पहाटे चारला उठून पहिल्या पाळीची भाकरी, रात्री बारानंतर दुसऱ्या पाळीचे जेवण. आमटी, भात, उसळ, पगाराच्या आठवड्यात मटण. पैसे महिन्याने. म्हणजे बाईने महिनाभर स्वतःच्या पदराने वीस पुरुषांना पोसावयाचे. ज्वारी-तांदूळ वाण्याकडून उधार, वाणी अडला की मंगळसूत्र सावकाराकडे. मुंबईच्या कापडाच्या ताग्यातला एक धागा या मंगळसूत्रांचा आहे. गिरण्यांच्या जमाखर्चात तो कुठे नोंदलेला नाही.

आबा चौतीस वर्षे एकाच मावशीकडे जेवले. तिचे नाव त्यांनी कधी सांगितले नाही. बहुधा त्यांना ठाऊकही नसावे. मावशी म्हणजे मावशी.

इथे इतिहासशिक्षकाने एक गोष्ट लपवता कामा नये. या पंगतीही सगळ्यांना खुल्या नव्हत्या. गिरणीत सर्व जातींचे कामगार होते, पण विणाई खात्यात दलितांना घेत नसत. का, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून काढावे लागे आणि दुसऱ्याच्या उष्ट्याचा विटाळ होई. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी डॉक्टर आंबेडकरांनी हा सवाल उभा केला होता. विणाई खात्यातली मजुरी जास्त, म्हणजे विटाळाला रुपये-आण्यांतही किंमत होती. खानावळीही आपल्या तालुक्याच्या, आपल्या जातीच्या असत. आबांची पंगत पाटण तालुक्याची, आणि तीही निवडक पाटणकरांची.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आठवडे गेले, महिने गेले. पगार बंद, पण मावशीची शेगडी चालू. आबा सांगत, की त्या दिवसांत पंगतीतली तालुक्यांची शिस्त मोडली. ज्याची खानावळ बंद पडली तो जिथे ताट मिळेल तिथे बसू लागला. विणाई खात्यातल्या एकाने नव्या माणसाला बघून भुवई चढविली, तेव्हा मावशी म्हणाली, "उधारीत जेवणाऱ्यानं शेजारी कोण बसलाय ते बघू नये." आबा हे वाक्य हसत सांगत; पण भुवई चढविणारा कोण होता हे त्यांनी कधी सांगितले नाही. मला वाटते, ते स्वतःच असावेत.

चार महिने ते असे जेवले. जूनमध्ये पेरणीला म्हणून गावी आले, ते परत गेलेच नाहीत. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. मावशीच्या वहीत आबांच्या नावावर चार महिन्यांचे चारशे ऐंशी रुपये राहिले. मरणापूर्वी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. विहिरीवरची मोटार दुरुस्त करून घे, आणि मावशीचे पैसे दे. मोटार मी पंधरा दिवसांत दुरुस्त केली. पैसे द्यायला तीस वर्षे लावली. मधल्या काळात मी शाळेच्या कामाने कितीदा तरी मुंबईला गेलो. लालबागवरून बसने गेलो. उतरलो नाही. राष्ट्रांनी एकमेकांची देणी कशी बुडविली हे मुलांकडून घोकून घेणारा मी, मावशीच्या चाळीपुढे मान फिरवून बसत असे.

हे सारे करी रोड स्टेशनाबाहेर उभ्याने नातीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "व्याज धरून किती होतात?" आणि वहीच्या शेवटच्या पानावर गणित मांडू लागली. दरसाल दर शेकडा किती धरायचे यावर आमचा वाद झाला. शेवटी मी पाकिटात घातलेले पाच हजार रुपयेच कायम राहिले.

चाळीच्या जागी आता इमारत आहे. किती मजली ते मान दुखेपर्यंत मोजले आणि सोडून दिले. पहारेकरी उत्तरेकडचा, त्याला चाळ माहीत नव्हती. शेजारच्या गल्लीत मात्र एक पोळीभाजी केंद्र सापडले. फळीवर पोळ्यांची चवड, दोन भाज्या, वरणभात, आणि बसायला भिंतीला लावलेली एक फळकुटी. आम्ही जेवलो. उसळीला खोबऱ्याचे वाटण होते, आणि बिल नातीच्या बजेटाच्या आत होते. चालविणाऱ्या बाई पन्नाशीच्या, याच भागात जन्मलेल्या. मी मावशींची चौकशी केली. चाळीचे नाव सांगितले, मजला सांगितला, साल सांगितले. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आजोबा, इथल्या हरेक मजल्यावर एक मावशी होती. तुमची कोणची?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांच्या सासूबाईही खानावळच चालवीत. त्या संपात बसल्या, म्हणजे बुडाल्या. पण काही मावश्या तरल्या, त्याला कारण घडले होते. प्रेमा पुरव यांनी, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगारांत काम केलेल्या बाईंनी, १९७५ साली या खानावळवाल्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, तेव्हा गरिबाला कर्ज मिळेल अशी भाषा हवेत होती. पुरवबाईंनी ती भाषा खरी धरली आणि एकेका मावशीला बँकेच्या दारात नेऊन उभे केले. ज्यांची सही अंगठ्याची होती त्यांना कर्ज मिळाले आणि त्यांनी ते फेडले. सावकाराच्या पेटीतून मंगळसूत्रे बाहेर आली.

मी पाकीट काढले. बाईंना सगळे सांगितले आणि म्हणालो, "हे तुम्ही ठेवा." त्यांनी पोळपाटावरचे हात थांबविले. म्हणाल्या, "माझी बाकी नाही, तर मी कशी घेऊ?" मग जरा विचार करून त्यांनी कपाटावरची वही काढली. तिथे जेवणाऱ्या एका मुलाच्या नावावर तीन महिने थकले होते. मुलगा विदर्भातला, कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करणारा, घरून पैसे येणे थांबलेले. चार दिवस तो लाजून जेवायलाही आला नव्हता. बाकी चार हजार दोनशे. त्यांनी बेचाळीस नोटा मोजून घेतल्या, पानावर काट मारली, आणि आठशे रुपये मला परत दिले. "एवढीच होती," त्या म्हणाल्या. पावती मागण्याचे धैर्य मला झाले नाही. नातीने आपल्या वहीत काहीतरी लिहिले.

संध्याकाळी दादरला वडापाव खाल्ला. बटाटेवडा दादरला नवा नव्हता. मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० सालचे. पण तो बशीत, बसून खावयाचा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो पावात घालून हातात दिला, आणि गिरणी सुटल्यावर गाडी पकडणाऱ्या माणसाला चालता चालता जेवता येऊ लागले. संपानंतर बेकार झालेल्या कित्येकांनी अशाच गाड्या टाकून पोटे भरली. ज्या पावाने कधी गाव बाटला असे म्हणत, तो महाराष्ट्राचे नाव घेऊन उभा राहिला. यात कुणाला विरोधाभास वाटेल. मला तरी पावाचा विजय वाटतो.

रात्री मुक्काम भाचीकडे. "घरी स्वैपाक असताना बाहेर खाता?" म्हणून ती रुसली. तिचेही खरे होते. म्हणून सकाळचे पोहे तिच्याकडचे घेतले. नातीने ते वहीत शून्य रुपयांना मांडले.

रविवारी दुपारी माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवलो. हे १९४२ सालचे. दक्षिण कानड्यातून पोरवयात आलेली मुले दिवसा हॉटेलांत कपबश्या धूत आणि रात्री कानडी रात्रशाळांत शिकत. त्यांतलीच काही पुढे हॉटेलांची मालक झाली. उडुपी म्हणजे देवळाच्या प्रसादाचे सोवळे स्वैपाकघर. त्याच नावाने शहरात असे जेवण मिळू लागले की जिथे पानावर कोण बसला आहे हे कोणी बघत नाही. या न बघण्यामागे नुसती शहराची घाई नाही. १९५० साली अंमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहाचे दार जातीवरून कुणाला बंद करता येणार नाही असे ठरले आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने ते बंद करणाऱ्याला शिक्षा आली. आणि कायद्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले होते. दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. पुण्यात एका पेल्याने ग्रामण्य माजविले होते. कोल्हापुरात एका पेल्याने ते मोडायला घेतले.

परतीच्या गाडीत नातीने विचारले, "सरकार का नाही देत सगळ्यांना स्वस्त जेवण?" दिले होते, मी सांगितले. १९९५ साली आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. काही वर्षांतच बरीच केंद्रे बंद पडली किंवा तिथे दुसरेच पदार्थ दिसू लागले. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी निघाली. टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली आणि काही काळ फुकटही मिळाली. त्या दिवसांत तिने पुष्कळांचा जीव धरला. सरकारने भूक ओळखावी हे योग्यच. पण एक रुपयाची भाकर एका रुपयात होत नाही. वरचे पैसे कुणीतरी भरलेले असतात, कधी तिजोरीने, कधी एखाद्या मावशीने. तिजोरीचा हिशेब विधानसभेत मांडतात. मावशीचा मांडायला कोणी नसते.

नातीने वही पुढे केली. दोन दिवसांचा दोघांचा खर्च एक हजार ऐंशी. बजेटात एकशे वीस शिल्लक. त्याखाली तिने दुसरी रेघ ओढून लिहिले होते: "आबा पणजोबा, चार महिने." रकमेच्या रकान्यात काही नव्हते.

"हे कोरे का?" मी विचारले.

"तुम्हीच म्हणालात ना, मावशी कोणची ते ठाऊक नाही," ती म्हणाली. "मग बाकी मिटली असं कसं लिहू?"

मी आठशे रुपयांचे पाकीट तिच्या वहीत ठेवले. दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा लालबागला जाणार आहोत. जेवायलाच.